दारामागचा राखणदार

घर बांधताना माणूस दाराला कडी-कोयंडा लावतो, खिडकीला गज बसवतो, अंगणाभोवती गडगा घालतो. बाहेरून येणाऱ्या संकटाचा विचार त्याने पिढ्यान्‌पिढ्या केलेला असतो. परंतु वीज घरात आली ती पाहुणी म्हणून नव्हे, तर घरातलीच एक होऊन. दिवा, पंखा, मिक्सर, पंप अशी कामे ती मुकाट्याने करते. त्यामुळे तिच्याकडूनही घराला धोका पोहोचू शकतो, याचे विस्मरण होते. तिच्यावर पहारा ठेवणारी वस्तू बहुतेक घरांत दारामागे, मीटरच्या शेजारी, कोळिष्टकांत दडलेली असते. तिच्याकडे कोणी पाहत नाही. आणि पाहिलेच, तर ती नडली म्हणून पाहतात.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहान गावात, जांभ्या दगडाच्या कौलारू घरात राहणाऱ्या निवृत्त शिक्षकांच्या बाबतीतही असेच घडत आले होते. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांनी तीस वर्षे गणित शिकवले. घरातली किरकोळ दुरुस्ती स्वतः करण्याची त्यांना हौस होती. दारामागच्या लाकडी फळीवर चिनी मातीचे दोन पांढरे फ्यूज होते. फ्यूज गेला की गुरुजी स्टुलावर चढत, फ्यूजची पकड ओढून काढत आणि जळालेल्या तारेच्या जागी नवी तार बांधत. आरंभी ते दुकानातून आणलेली बारीक कल्हईची तार वापरीत. पुढे घरात गिझर आला, पंप आला आणि फ्यूज वरचेवर जाऊ लागला. तेव्हा त्यांनी एका जुन्या वायरीतले तांब्याचे चार-पाच पदर एकत्र पिळून बांधले. त्यानंतर कित्येक वर्षे फ्यूज गेला नाही. “एकदा बांधला की बघायला नको,” असे ते आल्या-गेल्याला अभिमानाने सांगत.

फ्यूज जात नाही, याचा अर्थ घर सुरक्षित आहे असा त्यांनी घेतला होता. वास्तविक त्या दिवसापासून घराचा राखणदार मुका झाला होता.

फ्यूजची कल्पना साधी आहे. वायरीतून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहू लागला की वायर तापते, तिचे आवरण मऊ होते आणि शेवटी आग लागू शकते. म्हणून वाटेत मुद्दाम एक अशक्त दुवा ठेवायचा. संकट आले की प्रथम तो वितळेल, वाट तुटेल आणि बाकीची वायर वाचेल. त्या दुव्याचे सारे मोल त्याच्या अशक्तपणात असते. त्याला बळकट केले, की मग घरातील सर्वांत अशक्त जागा कोणती हे दैवच ठरवते. ती छपराखालच्या वाळलेल्या लाकडावरही असू शकते.

पावसाळ्याच्या दिवसांत काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, एक तक्रार करू लागल्या. “अहो, कपड्यांच्या मशिनला हात लावला की मुंग्या येतात.” न्हाणीघरात ठेवलेले ते वॉशिंग मशीन मुलाने दिवाळीला पाठवले होते. गुरुजींनी कोरड्या हाताने, पायात चपला घालून ते चाचपून पाहिले. त्यांना काही जाणवले नाही. “ओल्या हातानं लावतेस म्हणून वाटतं तसं. चपला घालत जा,” असे सांगून त्यांनी विषय संपवला. काकू चपला घालू लागल्या.

एके दिवशी सकाळी त्या विसरल्या. फरशीवर पाणी होते, पाय अनवाणी होते आणि मशीन चालू असताना त्यांनी त्याच्या पत्र्याला हात टेकला. हात सुटेना. घशातून आवाज फुटेना. दूध द्यायला आलेल्या शेजारच्या सुनेने दारातून हे पाहिले. ती काकूंना धरायला धावली नाही. तिने दारामागचा मेन स्विच बंद केला. काकू खाली कोसळल्या. पण श्वास चालू होता. गावातल्या डॉक्टरांनी तपासून त्यांना तालुक्याच्या रुग्णालयात पाठवले आणि दुसऱ्या दिवशी त्या सुखरूप घरी आल्या.

गुरुजी तेव्हा फिरायला गेले होते. परत आल्यावर त्यांनी प्रथम फ्यूज उघडून पाहिला. तार शाबूत होती. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. माणूस मरायला टेकला, तरी फ्यूज कसा गेला नाही, हा एकच प्रश्न त्यांच्यापुढे होता.

दुसऱ्या आठवड्यात वायरमन आला. तो त्यांचाच विद्यार्थी होता. आठवीत असताना वडील वारले, घरची परिस्थिती ढासळली आणि त्याने शाळा सोडली. भागाकार आला की फळ्यासमोर गप्प उभा राहणारा मुलगा, एवढीच त्याची आठवण गुरुजींना होती. एका कंत्राटदाराच्या हाताखाली उमेदवारी करून त्याने पुढे तारतंत्रीचा परवाना मिळवला होता. त्याने आधी मेन स्विच बंद केला, टेस्टरने खात्री केली आणि न्हाणीघरातला सॉकेट उघडला. वरच्या मोठ्या छिद्रामागे वायरच नव्हती.

“गुरुजी, मशिनच्या प्लगला तीन पिना आहेत, पण तुमच्या भिंतीत वायरी दोनच. अर्थिंग इथपर्यंत आलेलंच नाही. मशिनच्या आत कुठंतरी आवरण झिजलंय, त्यामुळे पत्र्यात वीज उतरली. तिला जमिनीत जायला वाट नव्हती. काकूंनी हात लावला आणि त्यांचं शरीर हीच तिची वाट झाली.”

“पण मग फ्यूज का गेला नाही? माझी तार जाड होती म्हणून?”

“बारीक असती, तरी गेला नसता.”

हे उत्तर गुरुजींना अनपेक्षित होते. वायरमनने खिशातली पेन्सिल काढली आणि भिंतीवरच आकडे मांडले. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट. चाळीस वॉटचा साधा जुना दिवा घेतला, तर चाळीस भागिले दोनशे तीस, म्हणजे सुमारे ०.१७ अँपिअर प्रवाह. ओल्या अंगातून साधारण तेवढाच प्रवाह वाहू शकतो आणि माणसाचे हृदय बंद पाडायला तेवढा पुरतो. पंधरा अँपिअरच्या फ्यूजला मात्र हा प्रवाह म्हणजे एक दिवा लागला, एवढेच कळते. “फ्यूज वायरीला वाचवतो, गुरुजी. माणसाला वाचवायला दुसरं यंत्र लागतं.”

या दोन संरक्षणांतील भेद समजणे ही योग्य निवडीची पहिली पायरी आहे. जास्त भार किंवा शॉर्टसर्किट यांपासून वायरीला वाचवण्याचे काम पूर्वी फ्यूज करीत असे. आज ते एमसीबी करते. जर्मनीतील मानहाइम येथे ह्यूगो स्टॉट्झ यांच्या कारखान्यात १९२० च्या दशकात ती विकसित झाली. तिच्यात दोन युक्त्या एकत्र नांदतात. थोडा जादा भार बराच वेळ राहिला, तर आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि खटका पाडते. शॉर्टसर्किटसारखा प्रचंड प्रवाह आला, तर विद्युतचुंबक क्षणार्धात खटका ओढतो. दोष दूर केल्यावर खटका पुन्हा वर करता येतो. मुख्य म्हणजे तिच्यात जाड तार बांधण्याची सोय नसते.

माणसाला वाचवणाऱ्या यंत्राचे नाव आरसीसीबी. ते प्रवाह किती आहे हे पाहत नाही. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांचा मेळ घालते. फेजच्या वायरीतून जेवढा प्रवाह गेला, तेवढाच न्यूट्रलमधून परत यायला हवा. कमी आला, तर मधला प्रवाह कुठेतरी गळत आहे. कदाचित एखाद्या माणसाच्या अंगातून. ही तूट ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की यंत्र वीज तोडते. घरासाठी ही मर्यादा ३० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या शंभराव्या हिश्शाच्या तिप्पट, एवढी ठेवतात. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग केले होते. हातातली वस्तू स्वतःहून सोडता येईल असा प्रवाह पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत सुमारे १०.५ मिलिअँपिअर असल्याचे त्यांना आढळले. त्यापलीकडे स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. काकूंचा हात सुटला नाही, यात त्यांच्या मनोधैर्याचा दोष नव्हता.

वायरमनने नव्या बोर्डाची यादी करायला घेतली, तेव्हा गुरुजींनी आपली इच्छा सांगितली. “हे बघ, खर्चाचं काही नाही. सगळीकडे बत्तीस अँपिअरच्या एमसीबी टाक. एकदाच मोठ्या बसव, म्हणजे सारख्या पडायला नकोत.”

वायरमन थोडा वेळ गप्प राहिला. “गुरुजी, मग ती पुन्हा तुमची जाड तारच झाली.”

मग त्याने समजावून सांगितले. एमसीबीचा आकडा यंत्र पाहून मोठा करायचा नसतो. वायर किती सोसेल ते पाहून ठरवायचा असतो. बत्तीस अँपिअरची एमसीबी ३६ अँपिअर प्रवाह तासभर वाहिला, तरी गप्प राहू शकते. दिव्यांची दीड चौरस मिलिमीटरची वायर तेवढ्यात भाजून निघेल. म्हणून दीडच्या तांब्याच्या वायरीला ६ किंवा फार तर १० अँपिअर, अडीचच्या वायरीला १६ आणि चारच्या वायरीला २० किंवा परिस्थितीप्रमाणे २५, असा त्याचा हिशोब होता. गिझर दोन हजार वॉटचा. त्याने पुन्हा भिंतीवर भागाकार केला. ८.७ अँपिअर. अडीचची वायर आणि १६ ची एमसीबी पुरेशी झाली. गिझरला स्वतंत्र वायर, मशीनला स्वतंत्र, पंपाला स्वतंत्र. एका वायरीवर सारे ओझे टाकले नाही, तर खटका विनाकारण पडत नाही.

आकड्याच्या आधी लिहिलेल्या अक्षराकडेही त्याने लक्ष वेधले. ‘बी’ प्रकारची एमसीबी आपल्या आकड्याच्या तीन ते पाच पट प्रवाहाला तत्काळ तुटते, ‘सी’ प्रकारची पाच ते दहा पटीला. पंपासारखी मोटर सुरू होताना क्षणभर जादा प्रवाह ओढते. तिथे ‘सी’ हवी, नाहीतर पंप सुरू करताच खटका पडायचा. दिवे आणि गिझर यांना ‘बी’ पुरते. चौकटीत छापलेला ६००० किंवा १०००० हा आकडा शॉर्टसर्किटचा किती अँपिअर प्रवाह एमसीबी न फुटता तोडू शकते, हे सांगतो. त्यावर आयएसआय चिन्ह आहे की नाही, हेही पाहायचे. स्वस्तातला खोटा माल बाहेरून तसाच दिसतो. फरक कळतो तो संकटाच्या वेळी, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

आरसीसीबी त्याने दोन सुचवल्या. एक न्हाणीघर, पंप आणि अंगणासाठी. दुसरी उरलेल्या घरासाठी. त्यामुळे एकीकडे गळती झाली, तर सारे घर अंधारात जाणार नव्हते. दोन्ही ४० अँपिअरच्या आणि ३० मिलिअँपिअरच्या. “दुकानात शंभर आणि तीनशे मिलिअँपिअरच्याही मिळतात. आगीपासून बचावाला त्या उपयोगी पडतात, पण माणसाच्या अंगासाठी तीसच,” असे तो म्हणाला. आजच्या मशीनमध्ये इलेक्ट्रॉनिक भाग असतात. त्यांची गळती साध्या ‘एसी’ प्रकारच्या आरसीसीबीला नेहमीच कळते असे नाही. म्हणून त्याने ‘ए’ प्रकारची निवडली.

न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांची वायर नवी घालायची, आणि उरलेल्या घराची जुनी वायर पावसाळा संपेपर्यंत ठेवायची, असे ठरले. त्या जुन्या वायरींना त्याने सहा अँपिअरपेक्षा मोठी एमसीबी लावली नाही. घरामागे खड्डा घेऊन अर्थिंग केले आणि हिरवी वायर प्रत्येक नव्या सॉकेटपर्यंत पोहोचवली. अर्थिंग असले, की यंत्राच्या पत्र्यात उतरलेली वीज लगेच जमिनीत जाते आणि माणसाने हात लावण्यापूर्वीच आरसीसीबी तुटते. अर्थिंग नसले, तर ती तुटण्यासाठी कोणाला तरी आधी धक्का बसावा लागतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बोर्ड सुरू केला. न्हाणीघराची आरसीसीबी टिकली. घराची टिकेना. खटका वर केला की क्षणात खाली. तीनदा असे झाल्यावर गुरुजींचा धीर सुटला. बाहेर पाऊस कोसळत होता आणि काकू कंदिलाच्या उजेडात बसल्या होत्या.

“अरे, इतकी वर्षं दिवे लागत होते की नाही? हे नवीन यंत्रच खराब दिसतंय. काढून टाक ते. न्हाणीघराला आहे, तेवढं बस्स.”

अशा वेळी बहुतेक घरांत आरसीसीबी निघते. ग्राहकाला उजेड हवा असतो, कारागिराला घरी जायचे असते, आणि दोघांच्या सोयीसाठी राखणदाराला बाजूला केले जाते. वायरमन दिवसभराच्या कामाने थकला होता. तरीही तो म्हणाला, “गुरुजी, ते खराब नाही. ते काहीतरी सांगतंय. मला बघू द्या.”

त्याने सर्व एमसीबी बंद केल्या आणि आरसीसीबी वर केली. ती टिकली. मग एकेक एमसीबी वर करीत गेला. स्वयंपाकघर झाले, ओटी झाली. माजघराची वर करताच आरसीसीबी पडली. मेन स्विच बंद करून, बॅटरी घेऊन तो माळ्यावर चढला. बराच वेळ वरून काही आवाज आला नाही. मग त्याने गुरुजींना हाक मारली.

गुरुजी शिडीच्या वरच्या पायरीवर उभे राहिले. फुटक्या कौलातून ठिबकणारे पाणी भिंतीवरून ओघळत होते. त्या ओल्या जांभ्याला टेकून दोन वायरींचा एक जुना सांधा होता. त्यावरची चिकटपट्टी कुजून गळून पडली होती. शेजारच्या तुळईवर वितीएवढा भाग काळा पडला होता. गुरुजींनी बोट लावले. बोटाला कोळसा लागला. खाली, त्या तुळईच्या बरोबर रेषेत, ते दोघे वर्षानुवर्षे झोपत होते.

शिडी उतरल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या जाड तारेने ही गोष्ट त्यांना कधी सांगितली नव्हती. सांगण्याची तिची शक्ती त्यांनीच काढून घेतली होती. ज्या यंत्राला त्यांनी तासाभरापूर्वी खराब ठरवले, त्याने पहिल्याच संध्याकाळी ती सांगितली. माणसांच्या बाबतीतही असेच होते, असे त्यांच्या मनात आले असावे. काकूंनी आठवडाभर जे सांगितले, त्यावर त्यांनी चपलांचा उपाय काढला होता. जो अडवतो किंवा तक्रार करतो, त्याला गप्प करणे सोपे असते; तो काय सांगतो हे शोधायला मात्र माळ्यावर चढावे लागते.

त्या रात्री माजघर अंधारातच राहिले. दुसऱ्या दिवशी वायरमनने ती वायर बदलली, सांधा डबीत घेतला, आणि आरसीसीबी टिकली. जाण्यापूर्वी त्याने यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या. आरसीसीबी असली तरी धक्का बसतोच. फक्त ती वीज माणसाला धरून ठेवू देत नाही. एखाद्याने फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरींना एकाच वेळी हात लावला आणि जमिनीकडे गळती झालीच नाही, तर तिला काही कळत नाही. जादा भारही तिला कळत नाही. त्यासाठी एमसीबी हवीच. म्हणून मेन स्विच बंद केल्याशिवाय कोणत्याही दुरुस्तीला हात लावायचा नाही. मशीन दुरुस्त होईपर्यंत लावायचे नाही. आणि आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेले बटण आहे, ते महिन्यातून एकदा दाबायचे. खटका पडला, म्हणजे यंत्र जागे आहे. पडला नाही, तर ते ताबडतोब बदलायचे.

गुरुजी भिंतीवरचे पेन्सिलीचे आकडे पाहत होते. “हा भागाकार तुला कधी जमत नव्हता,” ते म्हणाले. “मी तुला शिकवू शकलो नाही.”

“शिकवला होता, गुरुजी,” वायरमन हत्यारे पिशवीत भरता भरता म्हणाला. “कशासाठी करायचा ते तेव्हा कळलं नव्हतं.”

भिंतीला पुढे रंग दिला गेला. पण बोर्डाशेजारचा तेवढा चौकोन गुरुजींनी तसाच ठेवायला सांगितला. दर महिन्याच्या एक तारखेला ते दारामागे जातात आणि बटण दाबतात. खट्‌ असा आवाज होतो, पंखे मंदावतात, दिवे विझतात. स्वयंपाकघरातून काकू विचारतात, “काय झालं हो?” गुरुजी खटका वर करतात आणि म्हणतात, “काही नाही. पडला.” हा शब्द पूर्वी ते वैतागून उच्चारत, आता तो उच्चारताना त्यांना हायसे वाटते.